पाटागोनियातली निकाली कुस्ती

"सर, तुम्ही आज वस्तादच्या मागं बसा," असं म्हणून उदयसिंह सरनोबतनं हेल्मेटची काच खाली ओढली. म्हणजे विषय संपला.

आम्ही एका पेट्रोल पंपावर उभे होतो. पंप म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर एक जुनं यंत्र आणि वाऱ्यानं एकाच बाजूला वाकलेली तीन-चार झाडं. बाकी चहूकडे उघडा, पिवळट माळ. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडचा हा मुलूख, पाटागोनिया. तिथला वारा थांबत नाही. बोलायचं तर ओरडावं लागतं आणि ओरडलेलंही अर्धंच पोचतं.

कोल्हापूरहून आलेले आम्ही चौघे. तिघे मोटारसायकलवर आणि मी सामानाच्या पिकअपमध्ये, नेल्सन नावाच्या चिलियन ड्रायव्हरच्या शेजारी. कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरावरून निघालो होतो आणि खंडाच्या तळाशी असलेल्या उशुआइया या गावी पोचायचं होतं. त्याच्या पुढं रस्ता नाही, समुद्र आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हा नुकताच निवृत्त झालेला. पुस्तकांवरून स्पॅनिश शिकलो होतो, म्हणून दुभाषा म्हणून मला घेतलं. माझं स्पॅनिश ऐकून पंपावरचा माणूस गालात हसला होता. नेल्सननं नंतर सांगितलं, की मी शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदासारखं बोलतो. या सगळ्याला आता वीस वर्षं होत आली.

त्या दिवशी डॉक्टर मगदूमला ताप होता. हा दातांचा डॉक्टर. तो पिकअपमध्ये माझ्या जागेवर आडवा झाला होता आणि त्याची गाडी मागं दोरानं बांधलेली होती. नेल्सन त्याला घेऊन पुढच्या गावी निघाला होता.

"सर किती किलोचे?" मारुती चौगुलेनं विचारलं.

"पुस्तकं धरून का नुसते?" उदयसिंह काचेआडून म्हणाला. "माझ्या मागं बॉक्स हाय, जागा न्हाई. तुझी पाठ रुंद हाय. सरांना वारा लागायचा न्हाई."

चौगुलेनं माझ्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट ओढला, लहान मुलाच्या टोपीची नाडी बांधावी तसा.

चौगुले छप्पन्न वर्षांचा होता. मान जवळजवळ नाही, कान मुडपून गोळा झालेले. ज्यानं तालीम बघितली आहे त्याला कान पाहूनच कळावं. तरुणपणी तो सरनोबतांच्या तालमीत होता. नंतर कुस्ती सुटली, त्यानं माती खोदायची यंत्रं घेतली आणि त्यात त्याचं बरं झालं. या प्रवासाला तो स्वतःच्या खर्चानं आला होता. उदयसिंहची फाउंड्री होती. तो वयानं चौगुलेपेक्षा सहा वर्षांनी लहान. चौगुले त्याला उदयराव म्हणायचा. उदयसिंह त्याला वस्ताद म्हणायचा, पण वस्तादला वस्ताद म्हणतात तसं नव्हे.

निघण्याआधी कोल्हापुरात जेवणाच्या पंगतीत उदयसिंहनं एक नियम केला होता. गाडी आडवी झाली की पाठ लागली असं समजायचं. ज्याची तीनदा पाठ लागेल तो मैदानाबाहेर. त्याची गाडी पिकअपवर चढणार, तो पिकअपमध्ये बसणार आणि उशुआइयाच्या पाटीसमोर बाकीच्यांचे फोटो बघणार. आमच्या गावात कुठलीही गोष्ट शेवटी कुस्तीवर येते, त्यामुळं सगळ्यांना हे फार आवडलं.

"आणि पंच?" कुणीतरी विचारलं.

"सर! सरांना खोटं बोलता येत न्हाई. तेवढं धाडसच न्हाई त्यांच्यात."

सगळे हसले. मीही हसलो. नाही म्हणायला हवं होतं, पण पंगतीत उभं राहून नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

चौगुले दोनदा पडला होता. एकदा पेरूच्या वाळूत, एकदा बोलिव्हियाच्या चिखलात. उदयसिंहही दोनदा पडला होता, पण त्यातल्या एका वेळेला तो "पाठ न्हाई, नुसता गुडघा टेकला" असं म्हणत राहिला. मी ती मोजली. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौगुले पडला की मात्र त्याला उत्साह यायचा. "वस्तादला पडायची सवय हाय. जुनी सवय!" असं तो मगदूमला ओरडून सांगायचा आणि मगदूम हसायचा. चौगुलेचा चेहरा अशा वेळी दुकानाचं शटर ओढावं तसा बंद व्हायचा. मला वाटायचं, ही कोल्हापुरी चेष्टा. मला चेष्टा नीट कळत नाहीत.

एकदाच चौगुले माझ्यापाशी मोकळं बोलला होता. आम्ही रस्त्याकडेला चहा करून पीत होतो. त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. त्याच्या गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला होता. हेल्मेट काखेत धरलेला चौगुले आणि खाली, "जगाच्या टोकाला निघालेला आपला पैलवान".

"सर, आमच्याकडं मला लोक एकाच गोष्टीसाठी वळखतात," तो म्हणाला. "ती चांगली न्हाई. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव दुसऱ्या कशासाठी लागलंय. आता स्वतःच्या गाडीवर टोकाला जायचं. पिकअपात बसून गेलो तर तो बोर्ड मीच फाडीन."

ती एक गोष्ट कुठली, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखा माझा स्वभाव नाही.

तर त्या दिवशी मी त्याच्या मागं बसलो.

पंप सोडल्यावर थोड्याच वेळात डांबर संपलं आणि खडीचा रस्ता लागला. सुपारीएवढे, लिंबाएवढे गोल दगड. ट्रकांच्या चाकांनी त्यात दोन चाकोऱ्या पडतात आणि मध्ये खडीचे वरंबे राहतात. चाकोरी सुटली आणि चाक वरंब्यात शिरलं, की गाडी स्वतःच्या मर्जीनं चालायला लागते. त्यात पश्चिमेचा वारा अंगावर येत होता, सारखा नव्हे, धक्के देत.

"सर, ताठ बसा. मी पोतं समजून चालवतो," चौगुले ओरडला.

मी पोत्यासारखा बसलो. तो हळू चालवत होता, वाऱ्याकडं किंचित कलून. प्रत्येक धक्क्याला त्याच्या पाठीचे स्नायू आधी कळायचे, मग वारा कळायचा.

"तुम्हाला माझ्या मागं का बसवलंय, कळलं का?"

"मगदूमला ताप आहे म्हणून."

"पिकअपात तिघं मावत्यात. बोलिव्हियात बसला न्हवता काय तिघं?"

खरंच बसलो होतो. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मी पडावं म्हणून बसवलंय," तो म्हणाला. "आणि पडलो की पंच जागेवर हजर!" असं म्हणून तो मोठ्यानं हसला. तेव्हा त्याचं हसणं मला चांगलं वाटलं.

उदयसिंह पुढं गेला होता, तो वळून परत आला. आमच्याभोवती वळसा घालून शेजारच्या चाकोरीत आला आणि काच वर करून ओरडला, "वस्ताद, मागनं बैलगाडी यायला लागलीया, तिला वाट द्या!"

"पुढं बघून चालवा, उदयराव."

"तुला पडलेला बघितल्याशिवाय पुढं कसा जाऊ?"

त्यानं एकदम वेग घेतला. त्याच्या मागच्या चाकानं उडवलेली खडी आमच्यावर आली. एक दगड माझ्या गुडघ्यावर बसला. चौगुलेनं एक हात काढून तोंडापुढं धरला, गाडी थोडी डळमळली, पण पडली नाही. पुढच्या चढावरून उदयसिंह दिसेनासा झाला.

चढ संपला आणि तो आम्हाला दिसला.

त्याची गाडी रस्त्याच्या कडेला उजव्या कुशीवर पडली होती. मागच्या बाजूला लावलेला ॲल्युमिनियमचा मोठा पेटारा त्याच्या उजव्या पायावर होता. पाय नडगीपासून खाली दिसतच नव्हता. तो कोपरावर टेकून अर्धवट उठला होता आणि त्यानं काच वर केली होती.

"बघायलाईस काय? उचल," तो म्हणाला.

चौगुलेनं घाई केली नाही. त्यानं आमची गाडी वाऱ्याच्या रोखानं उभी केली, स्टँडखाली चपटा दगड सरकवला, मला उतरायला हात दिला. मग तो तिथं गेला, एक हात हँडलला आणि एक हात मागच्या दांडीला लावला आणि गुडघ्यांत वाकला. मीही जाऊन कुठंतरी हात लावला.

"सर," उदयसिंह खालून म्हणाला, "ही मोजायची न्हाई. वाऱ्यानं पाडलंय."

"बोलिव्हियात चौगुलेंना चिखलानं पाडलं होतं," मी म्हणालो. "ती मोजली होती."

हे मी कसं बोललो कुणास ठाऊक. उदयसिंहनं माझ्याकडं पाहिलं आणि दुखत असतानाही तो हसला.

"बरं. मग असं करू. मारुती, तू पडलास असं सांगायचं. सर मागं बसलेले, तोल गेला, झालं. मगदूमला काय कळतंय? आणि सर गप्प बसतील, ते त्यांना जमतं." मग तो अगदी सहज म्हणाला, "तुला काय जड हाय त्यात? आमच्या घरासाठी पडायची तुला सवयच हाय."

गाडी तोवर वीतभर उचलली गेली होती. चौगुलेनं ती परत खाली ठेवली. हातातून सुटली नाही. ठेवली.

उदयसिंहची किंकाळी वाऱ्यातसुद्धा पुरती ऐकू आली.

चौगुलेनं हातमोजे काढले, एकात एक घातले आणि खिशात ठेवले. मग तो उदयसिंहच्या डोक्याशी उकिडवा बसला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"आयला, मारुती, पाय तुटायला लागलाय! उचल!"

"उचलतो की. पुन्हा म्हण. कुणाच्या घरासाठी?"

"चौगुले," मी म्हणालो, "पेट्रोल गळतंय." टाकीच्या झाकणातून थेंब थेंब खडीवर पडत होते आणि तापलेला सायलेन्सर खालच्या बाजूला होता. बुटाचं रबर जळल्याचा वास येत होता.

"गळू द्या. वारा हाय, उडून जातंय."

मी वाकून दांडी धरली आणि सगळ्या ताकदीनिशी ओढली. माझेच पाय खडीवरून घसरले. गाडी हललीसुद्धा नाही.

"सर, कमरेत भरंल. तुम्ही पंच हाय. पंचानं कुस्तीत हात घालायचा नसतो."

मी रस्त्याकडं पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसता रस्ता. तारेच्या कुंपणापलीकडं मेंढ्या वाऱ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. फोनला रेंज नव्हती.

"बसा," चौगुले मला म्हणाला. "तुम्हाला ठाऊक न्हाई. सगळ्या गावाला अर्धं ठाऊक हाय, तुम्हाला तेवढंबी न्हाई. मी ह्यांच्या तालमीतला. दूध, बदाम, तूप, सगळं ह्यांच्या घरनं. मोठ्या मालकांनी, म्हंजे ह्याच्या वडलांनी, आबांनी, मला पोराप्रमाणं ठेवला. जत्रेत माझी कुस्ती पंजाबच्या पैलवानाबरोबर लागली. मैदान फुल्ल. झाडांवर माणसं. आदल्या दिवशी मोठे मालक तालमीत आले. बाकीच्यांना बाहेर घालवलं. म्हणाले, 'मारुती, उद्या पडायचं. का ते विचारायचं न्हाई आणि कधी कुणाला सांगायचं न्हाई.' मी म्हटलं, जी."

"मारुती, हे नंतर..." उदयसिंह म्हणाला.

"मी पडलो," चौगुले माझ्याकडंच बघत म्हणाला. "नुरा कुस्ती, सर. लोकांना वास येतोच. शेण मारलं मला. माझा बाप कुंपणाला धरून उभा होता, त्याच्या तोंडावर लोक थुंकले. त्यानं घरी येऊन विचारलं, 'खरं लढलास का?' मी शब्द दिलेला. काय बोललो न्हाई. बाप तसाच मेला." तो थांबला. "पण मला एक माहीत होतं. त्या पंजाब्याची डावी बाजू कच्ची होती. हात लागल्या लागल्या मला कळलं. मी त्याला घेतला असता. तेहतीस वर्षं रोज उठल्यावर मी पहिल्यांदा हेच म्हणतो. घेतला असता. पडलो न्हाई, पाडलं मला."

मग तो उदयसिंहकडं वळला.

"आता तू सांग. मोठ्या मालकांनी मला का पाडलं? कुणाला काय शब्द दिला होता? माझ्या पडण्यावर काय मिळवलं तुमच्या घरानं?"

"मला काय ठाऊक? मी सतरा वर्षांचा होतो!"

"घरात होतास."

"तू आधी उचल, मग बोलू."

"आधी बोल."

उदयसिंहनं आधी शिव्या दिल्या. चौगुले त्या ऐकत राहिला, मान हलवत, जणू एखादा हिशेबाला बसलेला माणूस. मग शिव्या संपल्या. उदयसिंहच्या ओठांचा रंग गेला होता.

"मारुतीदादा," तो म्हणाला.

"आत्ता दादा?"

चौगुलेनं आपला तळवा पेटाऱ्यावर ठेवला. मला वाटलं आता उचलणार. त्यानं त्यावर थोडा भार टाकला. थोडाच. ती दुसरी किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. मी चौगुलेचा हात धरला. तो हात म्हणजे झाडाची फांदी होती. त्यानं माझी बोटं एक एक करून सोडवली, अगदी हळुवारपणे.

"माणूस मरेल, चौगुले!"

"पायानं कोण मरत न्हाई, सर. तालमीत लई मोडल्यात."

उदयसिंहनं डोकं खडीवर टेकलं होतं आणि आभाळाकडं बघत होता. मग तो बोलायला लागला. आवाज एकदम साधा झाला होता, जेवताना मीठ मागावं तसा. मला जवळ वाकून ऐकावं लागलं.

"कुणाला शब्द न्हवता दिला. आदल्या दिवशी सकाळी आबा त्या पंजाब्याचा सराव बघून आले. घरी येऊन पाटावर बसले, जेवले न्हाईत. आईनं विचारलं. म्हणाले, 'आपलं पोरगं ह्याच्यापुढं टिकत न्हाई. हात मोडून घेईल आणि मैदानात रडंल. त्यापरास पड म्हणून सांगतो. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पण त्याच्या मनात तरी राहील, की घेतला असता.'"

चौगुले हलला नाही.

"खोटं," तो म्हणाला.

"मग खोटं."

"त्याची डावी बाजू..."

"त्यानं मुद्दाम कच्ची दाखवली असंल. मला काय कळतंय कुस्तीतलं? आबा म्हणाले ते सांगितलं." उदयसिंहनं डोळे मिटले. "उचल आता."

चौगुलेनं गाडी उचलली. एका झटक्यात, सायकल उचलावी तशी, आणि उभी करून स्टँडला लावली. उदयसिंहचा बूट पायाच्या मानानं भलत्याच दिशेला वळला होता. चौगुलेनं ते पाहिलं, स्वतःचं जाकीट काढलं, त्याची गुंडाळी करून पायाखाली सरकवली. पिशवीतून दोरी काढली, दोन बाजूंना तंबूच्या काठ्या लावून पाय बांधला. हे सगळं त्यानं फार चांगलं केलं. फक्त तो मधेच थांबायचा आणि हातातल्या दोरीकडं बघत राहायचा, जणू ती कशासाठी घेतली ते विसरला होता.

बऱ्याच वेळानं मेंढ्यांच्या मळ्यावरची एक गाडी आली. त्यांनी उदयसिंहला मागं आडवा घातला. चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं मला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" चौगुलेनं विचारलं.

"कसं झालं, विचारतोय."

"वारा म्हणून सांगा."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्या भागात हे कारण कुणालाही पटतं.

गावातला दवाखाना छोटा होता, हिरव्या पत्र्याचा. पायात सळई घालावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस तरी हलवायचं नाही. मी त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. उदयसिंहनं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मगदूमचा ताप उतरला. तो दवाखान्यात आला तोच उत्साहात.

"उदयदादा आऊट!" तो चौगुलेच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "वस्ताद, मैदान तुझं! उशुआइया किती राहिलंय? दोन-तीन दिवस. चल, आपण दोघं जाऊन येऊ. दादालाबी राग यायचा न्हाई, काय दादा?"

"जा की," उदयसिंह म्हणाला.

"तू जा," चौगुले मगदूमला म्हणाला.

"म्हणजे? आणि तू?"

"मी हितं थांबतो."

मगदूमनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. शेवटी मगदूम नेल्सनला घेऊन एकटाच गेला. पाटीसमोर त्याचा एकट्याचा फोटो आहे. कोल्हापुरात तो अजून दाखवतो.

मगदूम निघाला त्या सकाळी चौगुले खाटेशी स्टूल ओढून बसला होता.

"उदयराव, ते खरं होतं का?"

"कुठलं?"

"मोठे मालक आईसाहेबांना म्हणाले ते."

उदयसिंहनं त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग येत होता. मला वाटतं, आपल्या हातात काय आहे ते त्याला त्या क्षणी कळलं.

"तू आधी सांग," तो म्हणाला. "मी ते बोललो नसतो, तर मला किती वेळ तसा ठेवणार होतास?"

चौगुलेनं विचार केला. त्यानं खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

"माहीत न्हाई," तो म्हणाला.

"मग मलाबी माहीत न्हाई."

दुपारी चौगुलेनं मला व्हरांड्यात गाठलं. तिथं एक बाक होतं. तो माझ्या शेजारी बसला, तेव्हा बाक करकरलं.

"सर, तुम्ही तिथं होता. जवळ वाकून ऐकत होता. तोंड बघितलं त्याचं. खरं बोलत होता का?"

मला काय सांगता येणार? मी माणसांची तोंडं कधी नीट बघितलीच नाहीत. दुखण्यानं पिळवटलेला माणूस खरं बोलतो की सुटकेसाठी सगळ्यात जिव्हारी लागेल ते बोलतो, हे मला पुस्तकांतूनही नक्की कळलेलं नाही. पण बाकावर बसलेल्या त्या माणसाकडं बघून मी म्हणालो, "खोटं बोलला तो. सुटण्यासाठी बोलला."

चौगुलेनं माझ्याकडं पाहिलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई, सर," तो म्हणाला. "लगेच कळतं."

"मी खोटं बोलत नाही, चौगुले. मला ठाऊक नाही म्हणून..."

"असू द्या," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतरचे दिवस मी दवाखाना आणि समोरचं गेस्ट हाउस यांच्यामध्ये ये-जा करत होतो. चौगुले दवाखान्यातच असायचा. उदयसिंहचं तोंड धुवायला तोच, भांडं द्यायला तोच, उशी सारखी करायलाही तोच. नर्स मला म्हणाली, असा भाऊ सगळ्यांना मिळो. मी भाषांतर केलं नाही. रोज सकाळी चौगुले एकदा विचारायचा. उदयसिंह कधी म्हणायचा, संध्याकाळी सांगतो. कधी म्हणायचा, आठवून बघतो. एकदा म्हणाला, आई असती तर तिनं सांगितलं असतं. आईला जाऊन दहा वर्षं झाली होती.

"तुम्ही निघून का जात नाही?" मी एकदा चौगुलेला विचारलं. "गाडी बाहेर उभी आहे. पेट्रोल आहे. रस्ता सरळ आहे."

"जाऊन काय करू?" तो म्हणाला. "तो म्हणाला ते खरं असंल, तर तिथं कोण पोचणार, सर?"

एका दुपारी मी चहा घेऊन आत गेलो. खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता. उदयसिंह उशांना टेकून बसला होता. एक पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. चौगुले स्टुलावर बसून सफरचंद सोलत होता.

"साल जाड काढायलाईस," उदयसिंह म्हणाला.

चौगुलेनं पातळ काढायला सुरुवात केली.

"या सर," उदयसिंह म्हणाला. "आज ह्याला सांगणार हाय मी. मनात आलंय." त्यानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. चौगुलेला तो दिसण्यासारखा होता. त्याचं लक्ष सुरीकडं होतं, किंवा तसं त्यानं दाखवलं.

सफरचंद संपलं. उदयसिंहनं बोटं पुसली आणि पांघरूण थोडं बाजूला केलं.

"हा दुसरा पाय बघ. पडून पडून नुसता भरून आलाय. जरा चेप."

चौगुलेनं सुरी खिडकीत ठेवली, हात टॉवेलला पुसले आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसला. उदयसिंहचा चांगला पाय त्यानं मांडीवर घेतला. टाचेपासून वर, अंगठ्यानं रग जिरवत, सावकाश. तालमीत शिकलेला हात होता तो, तेहतीस वर्षांतही बिघडलेला नव्हता.

"सांगा की, मालक," तो खाली बघत म्हणाला.

उदयसिंहनं डोळे मिटून घेतले.

"जोर लाव की जरा," तो म्हणाला.